उशाशी टांगलेली पिशवी



लहानपणी पाठशाळेत दहा प्राण पाठ केले होते. पाच इंद्रियं, मन-वचन-काय ही तीन बळं, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. झाडाला, पाण्याच्या थेंबातल्या जीवाला यातले चारच असतात: स्पर्श, कायबळ, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. म्हणजे डोळे गेले, कान गेले, जीभ गेली, मनसुद्धा नसलं तरी जीव म्हटला की श्वासोच्छ्वास आहेच. परीक्षेत हे लिहिलं की पैकीच्या पैकी मार्क मिळायचे. त्याचा अर्थ मात्र साठी उलटल्यावर कळला, आणि तोही एका रबरासारख्या पिशवीमुळे.

माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, मोटर न्यूरॉनचा आजार आहे. स्नायू एकेक करून काम सोडत जातात. भाऊजींची बुद्धी मात्र शाबूत आहे. आधी हात गेले, मग चालणं, मग बोलणं. शेवटी छातीचे स्नायू थकले, तेव्हा गळ्याला छिद्र करून नळी बसवली आणि घरीच व्हेंटिलेटर आणला. आता ते पापणीने बोलतात. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. बाकी सगळं अक्षरांच्या तक्त्यावर.

घरी व्हेंटिलेटर पाठवताना दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला दहा-बारा दिवस थांबवून घेतलं. नळी साफ कशी करायची, कफ कसा ओढायचा, हे सगळं माझ्या जावेला, पुतण्याला आणि मला शिकवलं. त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो अंबू बॅगेवर. मशीन बंद पडलं, लाइट गेली, इन्व्हर्टर दमला, नळी निघाली, काहीही झालं तरी पहिली मिनिटं या पिशवीवर काढायची असतात. मग पिशवीच नीट चालली नाही तर? त्याबद्दलच आज लिहिते आहे. हल्ली आपल्या ओळखीच्या घराघरांत असे रुग्ण आहेत. आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला हे जमेल का, अशी शंका मलाही होती. जमतं. मी डॉक्टर नाही. तुमच्या रुग्णासाठी तुमचे डॉक्टर आणि सिस्टर सांगतील तेच खरं. पण त्यांना काय विचारायचं, हे तरी यातून कळेल.

ही पिशवी आहे तरी काय

अंबू बॅग म्हणजे मोठ्या माणसाच्या हातात मावेल एवढा लांबट फुगा. साधा फुगा दाबला की चपटा होऊन राहतो. ही पिशवी दाबून सोडली की आपोआप पुन्हा फुगते, आणि फुगताना मागच्या झडपेतून हवा आत ओढते. पुढच्या तोंडाशी दुसरी झडप असते, बदकाच्या चोचीसारखी. दाबल्यावर चोच उघडते आणि हवा रुग्णाकडे जाते. सोडल्यावर चोच मिटते, आणि रुग्णाने सोडलेला उच्छ्वास पिशवीत परत न येता बाजूच्या वाटेने बाहेर पडतो. मागे आणखी एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी लोंबते, ती ऑक्सिजन साठवण्यासाठी. पुढच्या तोंडाचं माप असं असतं की त्यावर मास्कही बसतो आणि गळ्यातल्या नळीचं टोकही. वेगळं काही जोडावं लागत नाही.

हिची गोष्ट पुतण्याने वाचून दाखवली होती. 1952 साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज दवाखान्यात येत होते, आणि श्वास देणारी यंत्रं जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात नळी घालून हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती जगली. मग वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी, जवळजवळ दीड हजार जण, पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि आठवडेच्या आठवडे, रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. त्या पिशव्यांना मात्र सिलिंडरचा वायू लागायचा. वायू नसला की पिशवी फुगणार नाही. आपोआप फुगणारी पिशवी हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे या दोघांनी तयार केली, ती त्यानंतर, 1956 साली बाजारात आली. म्हणूनच हिला ना वीज लागते, ना सिलिंडर. लागतो तो एक जागा हात.

आपल्याकडेही मोठ्या सरकारी दवाखान्यांत व्हेंटिलेटर मोकळा नसला की आई, भाऊ, मुलगा पाळीपाळीने पिशवी दाबत बसलेले दिसतात. त्यांच्या हातांना कुणी नाव ठेवलेलं नाही. मला ते वैयावृत्यच वाटतं.

किती दाबायची

घाबरलेल्या माणसाचा हात भरभर चालतो आणि पूर्ण मूठ आवळतो. दोन्ही चूक. मोठ्या माणसाच्या पिशवीत दीड लिटरच्या आसपास हवा असते, आणि एका श्वासाला लागते साधारण अर्धा लिटर. म्हणजे तिसरा हिस्सा. छाती जरा वर उचललेली दिसली की पुरे. एका सेकंदात सावकाश दाबायची, मग पूर्ण सोडायची, आणि श्वास बाहेर पडायला वेळ द्यायचा. भाऊजींसाठी डॉक्टरांनी मिनिटाला बारा सांगितले आहेत, म्हणजे पाच सेकंदांना एक. भरभर दाबलं तर आधीचा श्वास बाहेर पडायच्या आत दुसरा ढकलला जातो, छातीत हवा कोंडते आणि रक्तदाब पडू शकतो.

पण घाबरल्यावर पाच सेकंद मोजणार कसे? सिस्टरने इंग्रजी आकडे म्हणायला शिकवले होते. माझ्या तोंडात ते बसेनात. मग आठवलं की आपल्याकडे कायोत्सर्ग श्वासांवरच मोजतात. णमोकार मंत्राची पहिली दोन पदं एका श्वासोच्छ्वासात, पुढची दोन दुसऱ्यात, शेवटचं पद तिसऱ्यात. नऊ मंत्र म्हणजे 27 श्वासोच्छ्वास. मी सावकाश म्हणून घड्याळ लावून पाहिलं. पाच सेकंदांच्या चालीने म्हटलं तर एका मंत्राला पंधरा सेकंद, आणि नऊ मंत्रांना सव्वादोन मिनिटं. तेव्हापासून आमच्या घरात पिशवी णमोकारावर दाबली जाते. माझा हात धावत नाही आणि मनही धावत नाही. आमच्या रात्रीच्या मावशी जैन नाहीत. त्या विठ्ठलाचं नाव घेऊन मोजतात. त्यांचीही चाल आम्ही घड्याळावर बसवून घेतली आहे. पाच सेकंद भरले म्हणजे झालं.

अडलं तर आधी कुठे बघायचं

बघायचं माणसाकडे. आकड्यांकडे नाही, यंत्राकडे नाही. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर खरं सांगतो, पण उशिरा सांगतो. छाती लगेच सांगते. दाबल्यावर छाती उचलली गेली का, दोन्ही बाजू सारख्या उचलल्या का, सोडल्यावर खाली बसली का. आणि आमच्याकडे भाऊजींचे डोळे आहेत. श्वास पोहोचतोय का असं विचारलं की ते पापणीने सांगतात. यंत्राला अलार्म असतो, पण त्यांच्या डोळ्यांइतका चांगला अलार्म मी पाहिलेला नाही.

मग हाताकडे लक्ष द्यायचं. पिशवी हाताला कशी लागते? घट्ट लागते, की नको तितकी हलकी? बहुतेक सगळे दोष या दोन प्रश्नांत मावतात.

बी.कॉम.ला असताना ट्रायल बॅलन्स जुळला नाही की आमचे सर म्हणायचे, सगळी पुस्तकं उघडून बसू नका, आधी फरक कुठल्या बाजूला आहे ते बघा. इथेही तेच. पिशवी आणि नळी जिथे जोडली जाते तो सांधा मध्ये धरायचा. सांध्याच्या अलीकडे पिशवी, पलीकडे नळी आणि माणूस. पिशवी घट्ट लागत असेल तर एका क्षणासाठी ती नळीवरून काढायची आणि हवेत दाबून बघायची. हवेतही घट्ट, तर दोष पिशवीत. ती बाजूला टाका आणि दुसरी घ्या. हवेत सहज दाबली गेली, तर पिशवी चांगली आहे, अडथळा पलीकडे आहे. याला दोन सेकंद लागतात. हे दोन सेकंद वाचवायला गेलं तर पुढची दोन मिनिटं भलत्याच ठिकाणी शोधण्यात जातात.

गेल्या थंडीत पहाटे तीनच्या सुमाराला व्हेंटिलेटरने जास्त दाबाचा अलार्म दिला. मावशींनी मशीनची नळी काढून अंबू बॅग लावली आणि हाक मारली, “ताई, दाबत नाही हो!” मी पोहोचले तेव्हा त्यांचे दोन्ही हात पिशवीवर होते आणि भाऊजींची छाती जागची हलत नव्हती. त्यांचे डोळे माझ्यावर होते. मी पिशवी काढून हवेत दाबली. सहज दाबली गेली. म्हणजे नळी. गळ्यातल्या नळीच्या आत आणखी एक नळी असते, काढून धुता येते अशी. जावेने ती फिरवून बाहेर काढली. आत कफाची वाळलेली खपली, बोराच्या बीएवढी, बुचासारखी बसली होती. डब्यातली स्वच्छ आतली नळी घातली, पिशवी लावली, दाबली. छाती उचलली. मी पहिलं पद म्हटलं तेव्हा माझा आवाज कापत होता. नऊ मंत्र पुरे झाले तेव्हा ऑक्सिमीटरचा आकडा पुन्हा नव्वदीत आला होता. भाऊजींना विचारलं, बरं वाटतंय? त्यांनी एकदा पापणी मिटली आणि बराच वेळ मिटूनच ठेवली.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की थंडीत हवा कोरडी असते, ओलावा कमी पडला की कफ वाळतो. आता थंडीत आतली नळी जास्त वेळा बदलतो.

आतली नळी मोकळी असूनही पिशवी घट्टच लागली तर आणखी काही ठिकाणं बघायची. मधली लवचिक नळी पिळली गेली आहे का? ओलावा धरणारा छोटा फिल्टर कफाने किंवा पाण्याने भरला आहे का? भरला असेल तर काढून टाकायचा, श्वास त्याच्याशिवायही देता येतो. कफ ओढायची बारीक नळी आतवर जाते का? ती अडकली तर अडथळा मुख्य नळीतच आहे. आणि सगळं मोकळं असून छातीची एकच बाजू उचलली जात असेल, तर ते घरचं काम नाही. फुप्फुसाबाहेर हवा कोंडलेली असू शकते. एकाने पिशवी दाबत राहायचं आणि दुसऱ्याने लगेच 108 लावायचा.

पिशवी हलकी लागली तर

हात सहज आत जातो आणि छाती उचलत नाही, म्हणजे हवा वाटेत कुठेतरी निसटते आहे. पहिल्यांदा सांधा बघायचा, अर्धवट बसलेला असतो. मग गळ्यातल्या नळीभोवतीचा फुगा. सिस्टर त्याला ‘कफ’ म्हणतात, आणि आपल्याला खोकल्याचा कफ माहीत. सुरुवातीला सिस्टरने “कफ कमी झालाय” म्हटलं की मावशी खूश व्हायच्या! म्हणून आम्ही घरात त्याला फुगाच म्हणतो. फुगा बसला की हवा फुप्फुसात न जाता वर घशातून तोंडावाटे निघते, गुळगुळ आवाज येतो. एरवी मुके असलेले भाऊजी अस्पष्ट आवाज काढू लागले तर आनंद मानायचा नाही, फुगा तपासायचा.

जिथे गळ्यात नळी नाही आणि मास्क लावून श्वास देतात, तिथे सगळ्यात जास्त गळती मास्कच्या कडेने होते. एका हाताने मास्क आणि दुसऱ्याने पिशवी हे रोजच्या सवयीच्या माणसालाच जमतं. आपण दोघांनी करावं. एकाने दोन्ही हातांनी हनुवटी वर उचलून मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने पिशवी दाबायची. वयस्कर माणसाची कवळी घट्ट बसत असेल तर ती तोंडातच राहू द्यायची, नाहीतर गाल आत जातात आणि मास्क बसत नाही. सैल असेल तर काढायची. आमच्या पिशवीसोबतही मास्क टांगलेला आहे. कधी नळीच निघाली आणि परत बसली नाही, तर गळ्याचं छिद्र झाकून तोंडावाटे श्वास द्यायला तो लागेल. ती वेळ अजून आलेली नाही, पण मास्क आहे.

पिशवी दाबली गेली आणि सोडल्यावर फुगलीच नाही, तर दोष मागच्या झडपेत. ती चिकटली असेल, नाहीतर पिशवी घडी करून दाबून ठेवल्यामुळे तिचा आकारच बिघडला असेल. म्हणून ती कपाटात कपड्यांखाली ठेवायची नसते. उलट, छाती वर गेली पण खाली बसत नाही, तर पुढची झडप कफाने चिकटली आहे आणि उच्छ्वासाला वाट नाही. पिशवी लगेच काढायची, कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यायची, आणि दुसरी पिशवी लावायची. काही पिशव्यांना, विशेषतः लहान मुलांच्या, जादा दाब सोडून देणारी छोटी झडप असते. तिथून फुस्स आवाज येत राहिला तर दाब छातीपर्यंत पोहोचत नसतो. ती कधी बंद करायची, हे आधीच विचारून ठेवावं.

आणि मागची पातळ पिशवी चपटी पडली तर? तर ऑक्सिजन येत नाही. सिलिंडर संपला असेल, नळी निघाली असेल. पण दाबायचं थांबवायचं नाही! खोलीतल्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतोच. तुमच्याआमच्या सगळ्यांचं त्यावरच चालतं. एकाने पिशवी दाबत राहावं, दुसऱ्याने सिलिंडर बघावा. श्वास थांबवून ऑक्सिजन शोधणं म्हणजे पोळी टाकून तूप शोधायला जाणं.

रात्री शोधायचं ते सकाळी शोधा

आमची पिशवी सिलिकॉनची, धुऊन वापरता येणारी. आठवड्याला ती सुटी करून साबणाच्या पाण्यात धुवायची, सांगितलेल्या औषधात ठेवायची, पूर्ण वाळवायची आणि पुन्हा जोडायची. एका सकाळी, नव्या आलेल्या सिस्टरने आदल्या दिवशी धुऊन जोडलेली पिशवी मी नेहमीप्रमाणे तपासायला घेतली. पुढचं तोंड तळहाताने बंद केलं आणि दाबलं. पिशवी दबायला नको होती, ती अलगद चपटी झाली आणि बाजूने हवा सुटली. उघडून पाहिलं तर बदकाची चोच आतमध्ये नव्हतीच. मोरीच्या जाळीवर सापडली. बाहेरून पिशवी अगदी नवीकोरी, स्वच्छ, चकचकीत दिसत होती. एजन्सीला फोन केला, तर ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळालं. सिस्टर चांगली होती, तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. जावेने तिला समोर बसवून दोनदा जोडायला लावली.

त्या रात्री काही झालं नव्हतं, लाइट गेली नव्हती. पण गेली असती तर आम्ही श्वास देतोय असं समजून खोलीभर वारा घालत बसलो असतो.

मुनिमहाराज कमंडलू उचलताना, शास्त्र ठेवताना आधी नजरेने बघतात, पिंछीने हळूच झाडतात, मगच उचलतात किंवा ठेवतात. पाच समितींमधली ही आदान-निक्षेपण समिती. आपण लहानपणापासून बघत आलो आणि त्याला मुनींचा आचार म्हणून नमस्कार करून मोकळे झालो. वस्तू हातात घेण्याआधी ती बघ, ठेवतानाही बघ, कारण तुझ्या न बघण्याने कुणाचा तरी प्राण जाऊ शकतो, एवढंच त्यात सांगितलं आहे. तिथे मुंगी असते, इथे भाऊजी आहेत. नियम एकच.

म्हणून रोज सकाळी देवदर्शनाहून आलं की मी तीन गोष्टी करते. पहिली, पुढचं तोंड तळहाताने बंद करून पिशवी दाबते. ती ताठ राहायला हवी. ढिली पडली तर कुठेतरी गळती आहे. दुसरी, पिशवी दाबून धरते, पुढचं तोंड बंद करते आणि पिशवी सोडते. ती मागून हवा घेऊन लगेच फुगायला हवी. तिसरी, मागची पातळ पिशवी काढून पुढच्या तोंडाला लावते आणि दोन-चार वेळा दाबते. ती छातीसारखी भरायला हवी, आणि हाताने दाबल्यावर तिच्यातली हवा बाजूच्या वाटेने बाहेर जायला हवी, परत पिशवीत नाही. मग सगळं जागच्या जागी लावून खिळ्याला टांगते. दूध तापायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागत नाही. शेजारी एक वही आहे. तारीख, कुणी तपासलं, काय बदललं. हिशेबाची सवय, दुसरं काय!

एक अवघड प्रश्न

भेटायला येणारी माणसं प्रेमाची असतात, पण काही जण जाताना दारात हळूच विचारतात, “आपल्यात तर सल्लेखना आहे. मग हे कशाला ओढत बसायचं?” पहिल्यांदा माझी जाऊ हे ऐकून आत निघून गेली होती.

मी त्यांना शांतपणे एवढंच सांगते. सल्लेखना ज्याची त्याने घ्यायची असते, पूर्ण जागेपणी, गुरूंच्या आज्ञेने, कषाय कमी करत. दुसऱ्याने कंटाळून द्यायची ती गोष्ट नाही. भाऊजींचं मन जागं आहे. नळी बसवण्याआधी त्यांना सगळं समजावून विचारलं होतं, आणि नंतरही विचारलं आहे. त्यांनी तक्त्यावर अक्षरं दाखवली, “आत्ता नाही.” उद्या त्यांनी वेगळं काही सांगितलं तर आम्ही महाराजांकडे जाऊ, डॉक्टरांशी बोलू. तो निर्णय त्यांचा असेल. पण झडप धुतल्यावर बसवायची राहिली म्हणून जर त्यांचा श्वास थांबला, तर त्याला सल्लेखना म्हणत नाहीत. त्याला प्रमाद म्हणतात. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आधी प्रमाद येतो आणि मग प्राण. हा क्रम मी कित्येक पर्युषणांत ऐकला होता. आता रोज सकाळी तळहातावर तपासते.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर

एकच पिशवी ठेवू नका, दोन ठेवा. एक उशाशी, एक दाराजवळ. उघड्यावर टांगा, पेटीत नको, घडी करून नको. सोबत मास्क, आतली जादा नळी, फुग्यात हवा भरायची सिरिंज आणि एक छोटी टॉर्च असू द्या. पिशवी रुग्णाच्या मापाची आहे का ते विचारून घ्या. मोठ्यांची मुलांना किंवा मुलांची मोठ्यांना चालत नाही. निदान तिघांना तरी दाबता आली पाहिजे, कारण हात दुखतात, माणसं आंघोळीला जातात, बाजारात जातात. महिन्यातून एकदा लाइट घालवून सराव करा. आमच्याकडे पौर्णिमेला करतो, म्हणजे तारीख विसरत नाही. आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर सराव त्याला सांगून करा. भाऊजी आम्हाला मार्क देतात. मागच्या पौर्णिमेला पुतण्याला दहापैकी नऊ मिळाले, मला आठ. कारण विचारलं तर तक्त्यावर दाखवलं, “वहिनी, मंत्र भरभर म्हणता.”

पुढच्या पौर्णिमेला सावकाश म्हणेन.

जय जिनेंद्र.